ओक, चुना आणि माझं सिमेंट

इंग्लंडला जाऊन आलेल्या माणसाने परतल्यावर राजवाडा, मोठं घड्याळ आणि नदीवरचा उघडणारा पूल यांच्याबद्दल बोलावं, अशी लोकांची रास्त अपेक्षा असते. मी यांतलं एकही धड पाहिलेलं नाही. पंधरा दिवसांच्या सहलीतले नऊ दिवस मी हेरफर्डशायरमधल्या एका शेतघरात काढले, त्यातले बरेचसे त्याच्या पश्चिमेकडच्या भिंतीसमोर उकिडवा बसून. सांगलीत आल्यावर शेजाऱ्यांनी फोटो मागितले, तेव्हा मी त्यांना कुजलेल्या लाकडाचे चोवीस फोटो दाखवले. त्यानंतर कुणी काही मागितलेलं नाही. म्हणून लिहून ठेवतो.

मी आरसीसीचा माणूस. तीस वर्षं सांगली-मिरज भागातल्या चार-पाच मजली इमारतींचे कॉलम आणि स्लॅब यांची डिझाइनं करतोय. आमच्या घराण्यात कामांची वाटणी ठरलेली आहे. ताप आला की नलूअक्काला फोन करायचा, बांधावरून भांडण झालं की वकील असलेल्या मधल्या काकांना, आणि भिंतीला ओल आली की मला. फोन करणारा कुठल्या गावात आहे, भिंत कशाची आहे, हे विचारायची पद्धत नाही. मीही कधी विचारत नाही. उत्तर द्यायला उशीर झाला तर ज्ञान कमी पडलं असं समोरच्याला वाटतं.

नलूअक्का माझी चुलत बहीण. माझ्याहून चौदा वर्षांनी मोठी, म्हणजे आता सत्तरीची. मिरजेला डॉक्टर झाली, दाजीही डॉक्टर, आणि लग्नानंतर दोघं तिकडच्या हॉस्पिटलांत नोकरीला गेले ते तिकडचेच झाले. पन्नाशीच्या सुमारास दाजींच्या डोक्यात खूळ शिरलं आणि त्यांनी वेल्सच्या हद्दीजवळ, एका खेड्याबाहेर, साडेचारशे वर्षांचं लाकडी सांगाड्याचं घर घेतलं. तीन वर्षांपूर्वी दाजी गेले. तेव्हापासून अक्का तिथे एकटी राहते. यंदा तिचा फोन आला की सप्टेंबरात अर्चनाला घेऊन ये, घर जरा बघायचंय.

मी लगेच बॅगेत ओळंबा टाकला. पितळी, वडिलांचा. मुंबईच्या विमानतळावर तपासणीच्या माणसाने तो दोरीने वर धरून विचारलं, हे काय. मी म्हणालो, भिंत सरळ आहे का ते बघायचं. त्याने वरिष्ठांना बोलावलं. वरिष्ठ साताऱ्याकडचे निघाले आणि त्यांच्या घराचं काम चालू होतं, म्हणून ओळंबा माझ्याबरोबर आला. त्यांच्या पोर्चच्या स्लॅबबद्दल मी तिथल्या तिथे सल्लाही दिला. अर्चना, म्हणजे माझी बायको, तोवर दुसऱ्या कुणाबरोबर आल्यासारखी लांब उभी होती.

पिनर

पहिले चार दिवस आम्ही पिनरला अक्काच्या मुलाकडे, अनिकेतकडे होतो. लंडनच्या कडेचं शांत उपनगर, एकसारखी विटांची घरं, दर तिसऱ्या दारात तुळस आणि दर दुसऱ्या दारात कचऱ्याचे तीन रंगांचे डबे. कोणता डबा कोणत्या वारी बाहेर ठेवायचा याचं वेळापत्रक अनिकेतने फ्रिजवर लावलंय. आम्ही भक्तिभावाने पाळूनही एकदा चुकलोच, आणि शेजारच्या बाईंनी आमचा डबा काही न बोलता आत आणून ठेवला. आपल्याकडे यावर अर्धा तास बोलणं झालं असतं आणि मन मोकळं झालं असतं. न बोललेलं दोन दिवस टोचत राहिलं.

अनिकेत चाळिशीला आलाय. जन्म तिकडचा, पण मामाशी मराठीच बोलायचं हा त्याचा हट्ट. दुसऱ्या दिवशी जेवताना त्याने विषय काढला. म्हणाला, "मामा, आईचा घर सेफ नाही आहे. सगळं वाकडी आहे."

मी म्हटलं, बघतो ना, त्यासाठीच आलोय.

"नाही, बघ. पण तिला सांग की स्ट्रक्चरली अनसाउंड आहे. ती डॉक्टर आहे, रिपोर्टवर विश्वास ठेवते. माझ्यावर नाही ठेवत." मग भाताशी खेळत म्हणाला की इथे खाली एक खोली तिच्यासाठी रिकामीच ठेवली आहे, तीन वर्षं झाली. नवा कार्पेट पण टाकला.

मी पुन्हा "बघतो" म्हणालो. आमच्या धंद्यात बघतो म्हणजे काम झालं असं गिऱ्हाईक समजतं, आणि अनिकेतही तसंच समजला. खरं सांगायचं तर माझंही मत तेच होतं. सत्तरीची एकटी बाई, आजूबाजूला नुसती शेतं, आणि राहायला लाकडाचा सांगाडा. यात बघायचं काय? पुढे ट्रेनमध्ये अर्चना म्हणाली, "अहो, तुम्ही घर न बघताच निकाल देऊन बसलात." मी खिडकीबाहेरच्या मेंढ्या दाखवल्या.

वाकडं घर

अक्का स्टेशनवर गाडी घेऊन आली होती. दोन्ही बाजूंना डोक्याहून उंच कुंपणझुडपं आणि मधून एकच गाडी जाईल असा रस्ता. समोरून ट्रॅक्टर आला की ती सत्तर वर्षांची बाई बेधडक शंभर मीटर उलटी जायची. मग झुडपं संपली आणि घर दिसलं.

वरातीत नाचून झाल्यावर एका खांद्यावर भार देऊन उभे राहिलेले काका असतात ना, तसं ते घर उभं होतं. पांढरी भिंत, त्यावर काळ्या लाकडांच्या चौकटी, आणि एकही चौकट काटकोनात नाही. वरचा मजला खालच्यापेक्षा पुढे आलेला. छपराची ओळ मधोमध बसकी, म्हाताऱ्या घोड्याच्या पाठीसारखी. सांगलीत मला कुणी हे दाखवलं असतं तर मी माणसं बाहेर काढून मगच बोललो असतो.

घराची रचना सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. आपल्या जुन्या घरांत जाड भिंत छप्पर तोलते. इथे भिंत कुणालाच तोलत नाही. आधी दगडाचं बुटकं जोतं. जोत्यावर ओकच्या लाकडाची आडवी तुळई, घराच्या चारी बाजूंनी, अखंड उंबऱ्यासारखी. तिच्यात खांब रोवलेले, खांबांवर वरच्या तुळया, त्यांवर वासे. एका लाकडाला जीभ, दुसऱ्याला खाच, आणि दोन्हींतून आरपार ओकची खुंटी. लोखंडाचा खिळा नाही. असा पिंजरा उभा राहिला की मग चौकटींमध्ये भरणा करायचा. भरणा कशाचा? चिरलेल्या लाकडाच्या पट्ट्या विणून त्यांवर माती, शेण आणि चिरलेलं गवत. म्हणजे कूडच की. माझ्या आजोळी गोठ्याला कुडाच्या भिंती होत्या आणि त्यांची आम्हाला लाज वाटायची, पाहुण्यांना गोठ्याकडे नेत नसू. इथे त्याच भिंतीला तिथल्या पालिकेचं, म्हणजे कौन्सिलचं, संरक्षण आहे. अक्काला परवानगीशिवाय तिच्यात साधी खिडकी पाडता येत नाही.

आणि दुसरी गोष्ट माझ्या लक्षात यायला दोन दिवस लागले. मी तरी तीस वर्षं दुसरं काय करतोय? कॉलम, बीम आणि मध्ये भरणा. यांचं लाकूड, माझं काँक्रीट. साडेचारशे वर्षांपूर्वीच्या कुणा सुताराची नक्कल करून मी स्वतःला इंजिनिअर म्हणवतो, हे मी अर्चनाला सांगितलं नाही.

आत शिरताना दाराच्या तुळईला डोकं आपटलं. माझी उंची पाच फूट पाच. आयुष्यात पहिल्यांदा मी कशासाठी तरी उंच ठरलो होतो, पण तो आनंद पुरता घेता आला नाही. नऊ दिवसांत अकरा टेंगळं आली.

चहा झाल्यावर अक्काने मला समोर बसवलं. तिचा आवाज ओपीडीतला होता. म्हणाली, "सुध्या, आठ दिवस घे, नीट बघ. आणि मला एकच सांग, या घरात मी राहायचं की नाही. तू नको म्हणालास तर दिवाळीच्या आत पिनरला जाते. अनिकेतशी वाद घालायचा कंटाळा आलाय मला. तुझं शेवटचं."

म्हणजे मायलेकांनी सगळा भार माझ्यावर टाकला होता. मुलाला आधीच "बघतो" सांगून झालेलं, आणि आता आईलाही तेच सांगितलं.

दुसऱ्या सकाळी ओळंबा लावला. दिवाणखान्याचा खांब खालून वर जाईतो वीतभर बाहेर गेलेला. आमच्या खोलीची जमीन इतकी उतरती, की अर्चनाची रक्तदाबाची गोळी हातातून निसटली ती खिडकीपासून दारापर्यंत घरंगळत गेली. मी तिच्या मागे धावलो आणि तिसरं टेंगूळ आलं. मी सगळी मापं वहीत लिहिली. अनिकेतचं काम होत आलं होतं.

जेवायला अक्काने भाकरी केली होती, तिच्या त्या अवाढव्य लोखंडी रेंजवर, म्हणजे चुलीवर, आणि आंबट इंग्लिश सफरचंदांचा मेथांबा. तिकडे स्वयंपाकात घालायचं वेगळं सफरचंद मिळतं, नुसतं खाल्लं तर डोळे मिटतात. अक्का त्याची कैरी करते. मागच्या कुंपणावर डॅमसन नावाची जांभळासारखी दिसणारी फळं लगडली होती, त्यांचं तिने आमसुलाच्या सारासारखं सार केलं. रंग इतका सुंदर, की पिताना चुकल्यासारखं वाटलं. मी तीन वाट्या प्यायलो.

हेदर

तिसऱ्या दिवशी हेदर आली. साठीची, ठेंगणी, केसांत पेन्सिल खोचलेली, मागे अवजारांनी भरलेली व्हॅन. ती सुतार आहे, पण फक्त जुनी लाकडी घरंच दुरुस्त करते. अक्काने तिला मुद्दाम मी असताना बोलावलं होतं. मी तिला माझी वही दाखवली. तिने मापं मन लावून वाचली, मान डोलावली आणि वही परत दिली. नंतर तिचा उल्लेखसुद्धा केला नाही.

ती घर कसं बघत होती ते सांगायला हवं. बोटांच्या पेरांनी लाकूड ठोकायची आणि कान द्यायची, डॉक्टर पोट ठोकतात तशी. मग एक बारीक टोचा लावून बघायची. वास घ्यायची. अक्का तिच्यामागे हात बांधून चालत होती. एका डॉक्टरने दुसऱ्याच्या राउंडला जावं तसं.

हेदरने मला खांब दाखवला. वरच्या बाजूला जाड, खाली बारीक. झाड उलटं उभं केलंय, म्हणाली. बुंध्याची जाडी वर हवी, कारण दोन-तीन तुळया तिथेच येऊन बसतात. मग सांध्यांवर कोरलेल्या उभ्या-तिरक्या रेघा दाखवल्या. सगळा सांगाडा आधी सुताराच्या अंगणात जमिनीवर जुळवायचे, जोडीच्या लाकडांवर सारखा आकडा कोरायचे, सुटा करून बैलगाडीने आणायचे आणि गावाने मिळून एका दिवसात उभा करायचे. खुंटीची भोकंही मुद्दाम किंचित पुढे-मागे पाडलेली, म्हणजे खुंटी ठोकली की सांधा आवळला जातो. लाकूड ओलंच वापरत. ते जागेवर वाळलं, वाळताना पिळलं, घर झुकलं आणि थांबलं.

"कधी?" मी विचारलं.

ती म्हणाली की पहिल्या तीस-चाळीस वर्षांत. मी मनात हिशेब केला. जे झुकायचं ते पेशवाई यायच्या आधीच झुकून झालं होतं, आणि मी त्याला ओळंबा लावत होतो.

वर माळ्यावर नेऊन तिने काजळीने काळे झालेले वासे दाखवले. मूळ घरात मधल्या भागाला वरचा मजलाच नव्हता. जमिनीवर मधोमध आगटी, आणि धूर थेट छपरातून बाहेर. नंतरच्या कुणीतरी धुराड्याची चिमणी बांधली, मजला घातला आणि चिमणीला चिकटून, उरलेल्या जागेत, पिळाचा जिना बसवला. खालच्या, भिंतीतल्या शेगडीवरच्या तुळईवर अश्रूंच्या आकाराचे जळके डाग होते. मला वाटलं मेणबत्तीचा निष्काळजीपणा. हेदर म्हणाली, मुद्दाम जाळलेत, घराला आग लागू नये म्हणून. अक्का हसली. दाजी म्हणायचे, यांनी घराची दृष्ट काढून ठेवलीय.

मग आम्ही पश्चिमेच्या भिंतीशी आलो. पावसाची बाजू. हेदरने ठोकलं आणि पहिल्यांदाच तिचा चेहरा बदलला. जमिनीपासून तीन फुटांपर्यंत वेगळाच गिलावा होता. राखाडी, कडक, तुकतुकीत.

"हे कुणी केलं?"

"माझ्या नवऱ्याने," अक्का म्हणाली.

हेदरने छिनीने एक ढलपी काढली. मागची तळाची तुळई काळी पडली होती आणि चहात बुडवलेल्या खारीसारखी बोटाने दबत होती. ती मला समजावून सांगू लागली, कारण मी इंजिनिअर. ओक भिजला तर काही होत नाही, वाळायला मिळालं पाहिजे. चुन्याचा गिलावा पाणी घेतो आणि सोडतो. सिमेंट सोडत नाही. लाकूड थोडं हललं की कडेला फट पडते, पाणी आत जातं आणि मग त्याला बाहेरची वाट नसते. वर्षानुवर्षं ओलं फडकं बांधून ठेवल्यासारखं. मग म्हणाली, कुणीतरी फार आत्मविश्वासाने सल्ला दिलेला दिसतोय.

मी सफरचंदाच्या झाडाकडे बघत राहिलो.

सतरा वर्षांपूर्वीचा तो फोन मला शब्दशः आठवत होता. मी तेव्हा कुपवाडला एका स्लॅबवर उभा होतो, मागे मिक्सर चालू होता. दाजी म्हणाले, खालच्या बाजूला ओल येते, काय करू? मी विचारलंच नाही की भिंत कशाची. म्हटलं, जुनं सगळं खरवडून टाका, वॉटरप्रूफिंग घालून चांगलं तीन फूट सिमेंट मारा, आयुष्यात पुन्हा बघायला नको. दाजी खूश झाले. डॉक्टर माणूस, पण हाताने काम करायची हौस. त्यांनी स्वतः थापी घेऊन केलं होतं ते. कडा काय सुरेख मारल्या होत्या.

दुपारी अनिकेतचा फोन आला. काय झालं, म्हणाला. मी म्हटलं, अजून बघतोय. पण आता माझ्या हातात खोटं न बोलता निकाल होता. तळाची तुळई कुजली आहे. घर ज्याच्यावर उभं आहे तेच कुजलं आहे. यातला शब्दन् शब्द खरा होता. दोन वाक्यं बोललो असतो तर दिवाळीला अक्का पिनरला. मी हे अर्चनाला समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "आणि ती कुणी कुजवली, ते पण सांगणार, की तेवढं राहू देणार?"

दुसऱ्या दिवशी हेदर आली तेव्हा मी तिला बाजूला घेऊन सांगितलं की तो सल्ला माझा. तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. फार वेळ नाही. मग व्हॅनमधून एक छिनी आणि लाकडी हातोडी आणून माझ्या हातात दिली.

"मग तूच काढ," म्हणाली.

पश्चिमेची भिंत

चार दिवस मी माझा सल्ला छिनीने काढत होतो. घाई चालत नाही. सिमेंटवर मारायचं, लाकडावर नाही, कुडावर तर मुळीच नाही. हेदर मधूनमधून येऊन नुसती उभी राहायची आणि मी आपोआप हळू व्हायचो. आमच्या साइटवर मी मुकादमामागे असाच उभा राहतो, त्याला काय वाटत असेल ते कळलं. रस्त्यावरून कुत्री फिरवायला नेणारी माणसं थांबून हवेबद्दल बोलत. एका आजोबांनी विचारलं, नवीन माणूस का? हेदर म्हणाली, शिकाऊ आहे.

गिलावा निघत गेला तसा दाजींचा हात दिसत गेला. एका कोपऱ्यात त्यांनी ओल्या सिमेंटवर काडीने स्वतःचं आणि अक्काचं आद्याक्षर कोरलं होतं. मी छिनी थांबवून अक्काला हाक मारली. ती आली, बघितलं, आणि म्हणाली, "काढ. त्यांनी ओकवर कोरलं असतं तर ठेवलं असतं." तरी तो तुकडा तिने उचलून आत नेला.

शेवटी दीड हात लांबीची तुळई कुजकी निघाली. त्यापलीकडे दोन्ही बाजूंना टोचा आत जाईना. वरचे खांब ठणठणीत. हेदर म्हणाली, कौन्सिलशी बोलून ठेवलंय, वसंतात करू. वरचा भार टेकूंवर घ्यायचा, खराब तेवढं कापायचं, चांगल्या लाकडाला एक बोटही जास्त लावायचं नाही, नवा ओक तिरका सांधा करून बसवायचा आणि वर चुना. नवं लाकूड रंगवून जुन्यासारखं करायचं नाही, नवं आहे ते दिसलं पाहिजे. मी विचारलं, मग किती वर्षं? तिला प्रश्नच कळला नाही. माणसं नीट वागली तर, म्हणाली, कशाला पडेल?

मला आता अक्काशी बोलणं भाग होतं. चहाच्या वेळी स्वयंपाकघरात बोललो. अर्चना डॅमसनच्या बिया काढत बसली होती. मी सांगितलं की घर उत्तम आहे, वाकडेपणा जुना आहे, तुळईचा तुकडा बदलला की झालं. अनिकेतने मला काय सांगितलं होतं तेही सांगितलं. आणि शेवटी, घसा साफ करून, की ते सिमेंट मी मारायला लावलं होतं.

"माहीत आहे मला. तू फोनवर बोलत होतास तेव्हा मी शेजारीच होते." दाजींनाही पुढे कळलं होतं की सिमेंट चुकलं. काढायचं म्हणत होते, पण आजारपण आलं. "मला म्हणाले, सुध्याला सांगू नकोस. लगेच दुसरा उपाय सांगेल."

अर्चना मान खाली घालून हसली. मी वाट बघत होतो की अक्का आता खूश होईल. ती कप फिरवत राहिली.

"म्हणजे राहता येईल."

"येईल की."

"जिना बघितलास नीट?"

"बघितला. तुझ्यामाझ्यापेक्षा मजबूत आहे."

"मग मी का पडले?" अक्का म्हणाली.

फेब्रुवारीतली गोष्ट. सकाळी खाली येताना, खालून चौथ्या पायरीवरून. चिमणीच्या कोपऱ्याशी तासभर पडून होती. मग सरपटत फोनपर्यंत गेली आणि कुणालाच फोन केला नाही. मनगट स्वतःच बांधलं. अनिकेतला सांगितलं की सर्दी झाली आहे, आवाज बसलाय, व्हिडिओवर नको बोलायला. त्यानंतर ती जिना पायरीपायरीवर बसत उतरते. आम्ही आठवडाभर तिथे होतो आणि मी त्या घराच्या प्रत्येक पायरीचं माप घेतलं होतं. अक्का सगळ्यांच्या आधी उठून खाली येते याचं मी कौतुकही केलं होतं.

"जायचं नव्हतं मला," ती म्हणाली. "पण तू म्हणाला असतास की घर खराब आहे, तर घरामुळे गेले असते. आता दोष कुणाला देऊ?"

मुलगा पिनरला आणि आई इथे, दोघंही एकाच खोट्याची वाट बघत होते, आणि ते मी बोलायचं होतं. आयुष्यभर लोकांना बेधडक चुकीचे सल्ले दिले. नेमका इथे खरं बोललो. अर्चनाने हात पुसले आणि म्हणाली, "अक्का, अनिकेतला तुम्ही सांगता की मी सांगू?"

अक्का उठली आणि फोन घेऊन बागेत गेली.

शनिवार

अनिकेत दुसऱ्या दिवशी दुपारी एकटाच आला. जॅकेटही काढलं नाही. आईला म्हणाला, कुठली पायरी दाखव. ती दाखवायला गेली, आणि हा त्याच पायरीवर बसला. जिना इतका अरुंद, की त्याचे खांदे दोन्हीकडे टेकले. आम्ही खाली उभे.

"किती वेळ?"

"तासभर असेल."

"आणि मला तू सर्दी म्हणालीस."

अक्का म्हणाली की मी डॉक्टर आहे, मला कळत होतं काही मोडलेलं नाही.

"तेव्हा तू पेशंट होतीस, आई."

मला वाटलं आता आपण काहीतरी मत द्यायला हवं, आणि मी तोंड उघडलंही, पण अर्चनाने माझी बाही धरली. बाहेर कुठेतरी ट्रॅक्टर चालू होता. अनिकेत पायरीवरून हात फिरवत होता. ती पायरी मधोमध झिजून खोलगट झाली आहे, किती पायांनी कोण जाणे. पिनरच्या खोलीचा विषय तो आता काढेल म्हणून मी वाट बघत होतो, अक्काही बघत असावी. तिने पदर नसताना पदर सारखा केल्यासारखा हात खांद्याकडे नेला.

मग अनिकेत म्हणाला, "खाली कुठे झोपशील?"

अक्काने पूर्वेच्या खोलीचं दार उघडलं. तिथे सकाळी ऊन येतं, म्हणाली. शेगडी आहे, बाथरूम पलीकडेच. बोलता बोलता तिचा वेग वाढला, आणि मला कळलं की ही खोली तिने मनात कितीदा तरी लावून झाली आहे. अनिकेतने दोनच अटी घातल्या. जिन्याला कठडा, आणि गळ्यात बटण, पडली तर दाबून मदत बोलवायला. बटण तिने मान्य केलं. कठड्यासाठी कौन्सिलला लिहावं लागेल म्हणाली, मी लिहिते.

राहिला पलंग. तो वरच्या खोलीत होता, चांगला ऐसपैस, वादळात पडलेल्या ओकच्या फळ्यांचा. दाजींनीच केलेला, एका हिवाळ्यात, त्याच खोलीत बसून, सगळे सांधे सरसाने चिकटवून. तो कधीकाळी खोलीबाहेर काढावा लागेल हे त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. आमच्या घराण्याचे जावई शोभतात. नवीन घेऊ, असं अनिकेतने म्हणून बघितलं. अक्का म्हणाली, याच्यावरच झोपणार.

मी टेप काढली. दार मोजलं, जिन्याचा पीळ मोजला, पलंग आडवा-उभा-तिरका मोजला. कसाही धरला तरी जात नव्हता. जिन्याच्या तोंडाशी एक बारीकसा खांब आहे, तो आड येत होता. अनिकेतने तो हलवून बघितला आणि माझ्याकडे वळला. हा एक काढला तर? हेदर नंतर परत लावेल. मी खांबाकडे बघितलं. हलका होता, भार फारसा नव्हता, आणि मला वाटतं काढता आला असता.

अक्का खालच्या पायरीशी उभी राहून ऐकत होती.

"घराला हात लावायचा नाही," ती म्हणाली. "पलंग कापा. मला अर्धा पुरतो."

हेदर आदल्या दिवशी करवत ठेवून गेली होती. अनिकेतने आयुष्यात कधी करवत धरली नव्हती, म्हणून मी दुसरं टोक धरलं, आणि आम्ही पलंग कापला.